कपबशीला पडलेलं मत

आमच्या मेंढेवाडीत पिठाची गिरणी एकच, आणि ती माझी. गिरणीवाल्याला गाव फुकट वाचायला मिळतं. कोणाच्या ज्वारीत मका मिसळायला लागली, कोणी पाहुण्यांसाठी गहू बारीक दळून मागितले, कोणत्या घरात जावाजावांचे डबे वेगळे झाले, हे मला त्यांच्या शेजाऱ्याच्या आधी कळतं. आणि कळलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या सवयीचा वाटा मोठा आहे. माझी बायको उषाबाई तर म्हणते की, रामरावाच्या कानात दाणा टाका, तोंडातून पायलीभर पीठ घ्या.

सत्त्याण्णव साली पंचायत समितीची निवडणूक लागली. मेंढेवाडी म्हणजे हसनाबादपासून दीड कोसावरचं, सव्वादोनशे मतांचं गाव. आमच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, अकरा गावं, त्यांत आम्ही सगळ्यांत लहान. एवढ्याशा गावाला पुढारी कशाला विचारतील? पण आम्हाला विचारायचे, कारण आमचं गाव फुटत नाही. बापजाद्यांनी मेंढरं राखली, आता बहुतेकांची शेती आहे, तरी कळपाची सवय गेलेली नाही. एक जिकडं वळला तिकडं सगळे. मागच्या तीन निवडणुकांत मेंढेवाडीच्या पेटीतलं एक मत इकडचं तिकडं झालं नव्हतं. भोकरदनच्या तहसिलीत गेलं, की कारकून 'तुम्ही त्या मेंढेवाडीचे का?' म्हणून खुर्ची सरकवायचे. खुर्चीचं मी जरा वाढवून सांगतोय, पण विचारायचे खरंच.

एका आघाडीनं आमच्या आबारावांना उभं केलं. आबाराव दहा वर्षं सरपंच होते, साठीला आलेले, कमी बोलणारे. त्यांना छत्री मिळाली. दुसऱ्या आघाडीच्या पुढाऱ्यांनी डोकं चालवलं, की याच समाजाचा दुसरा माणूस दिला तर मतं फुटतील. त्यांनी लिंबगावच्या इंद्रभानला उभं केलं आणि त्याला कपबशी मिळाली. आता गंमत अशी, की हे दोघं एकमेकांचे व्याही. इंद्रभानची थोरली इंद्रायणी आबारावांच्या भुजंगला दिलेली. लग्नाला पाच वर्षं झालेली, पदरात तीन वर्षांची मुलगी.

दोघांनाही माघार घ्यायची होती, याचा मी साक्षीदार आहे. माघारीच्या दिवशी दोघंही तहसिलीत आले होते. पण पुढारी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी यांना दोन वेगवेगळ्या हॉटेलांत नेऊन बसवलं आणि चहावर चहा पाजत तीन वाजवले. तीनला मुदत संपली. मग एसटी स्टँडवर दोघं समोरासमोर आले. मी आबारावांच्या शेजारीच उभा होतो.

"इवाई, आता कसं?" इंद्रभाननं विचारलं. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"आता कसं म्हंजे? लढायचं. पन पोरीच्या कानावर वाकडा सबुद जाऊ द्यायचा न्हाई."

"बिलकुल न्हाई. अन् म्या मेंढेवाडीत मत मागायला यायचा न्हाई. लेकीच्या गावात हात पसरत न्हाईत."

इंद्रभाननं हे तंतोतंत पाळलं. दहा गावं पायाखाली घातली, आमच्या शिवेवर मात्र त्याची जीपसुद्धा आली नाही. भोंगा लावलेली रिक्षा एकदा चुकून आली, तीही त्यानं निरोप पाठवून माघारी बोलावली. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. दोनशे मतं सोडून देणारा उमेदवार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मतदानाच्या दोन दिवस आधी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं गाव जमलं. असं जमणं आमच्याकडे नेहमीचं. देवापुढच्या परातीत हळदीचा भंडारा ठेवतात, एकेकानं चिमूट उचलून कपाळाला लावायची आणि म्हणायचं, 'मत गावाबाहेर जाणार न्हाई.' एवढंच. कागद नाही, सही नाही, पण ही शपथ मोडायची छाती आजवर कोणाची झालेली नाही. यात एक रिवाज असा, की उमेदवारानं स्वतः भंडारा उचलायचा नाही. ज्याच्यासाठी गाव शपथ घेतं त्यानंच ती कशी घ्यायची? तो बाजूला हात जोडून उभा राहतो. आबारावही तसेच उभे राहिले.

देवळाचा पुजारी कचरूबा परात धरून होता. पुरुषांचं झालं, मग बाया आल्या. आबारावांच्या मालकीण वच्छलाबाई पुढं आणि त्यांच्या मागं सून. इंद्रायणीचा हात परातीपर्यंत पोचायला इतर बायांपेक्षा जरा वेळ लागला, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच म्हणतो. बघणाऱ्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. तिनं भंडारा लावला, बोलायचं ते बोलली आणि खाली मान घालून निघून गेली.

मतदान शाळेच्या खोलीत झालं. मी आबारावांचा प्रतिनिधी म्हणून आत बसलो होतो. कपबशीकडून कोणीच बसलं नव्हतं, गावात मिळणार तरी कोण? साडेसातला आबारावांनी पहिलं मत टाकलं आणि ते बाकीच्या गावांकडं निघून गेले. नऊ वाजता वच्छलाबाई सुनेला घेऊन आल्या. दिवसभरात एकशे अठ्ठ्याण्णव मतं झाली. पेटीला लाखेची मोहोर लागली तेव्हा मी मनातल्या मनात आकडासुद्धा लिहून टाकला होता.

मोजणी भोकरदनला सरकारी गोदामात. जाळीच्या अलीकडं आम्ही प्रतिनिधी, पलीकडं टेबलांवर कर्मचारी. प्रत्येक गावाची पेटी वेगळी उघडायची, त्यातली मतं वेगळी लावायची, हा तेव्हाचा कायदा. म्हणजे शिक्का गुपचूप मारायचा खरा, पण गावाचं गुपित जाळीबाहेरच्या माणसाला बोटावर मोजता यायचं. आमची पेटी दुपारी उघडली. छत्री, छत्री, छत्री. समोरचा कर्मचारी कागद न बघताच गठ्ठ्यावर टाकत होता. त्याला जांभई आली. आणि मग एका कागदावर त्याचा हात थांबला.

"कपबशी," तो म्हणाला आणि हसला. "फुटली की हो मेंढेवाडी!"

मी जाळीला नाक लावून पाहिलं. शिक्का कपबशीच्या खान्यात, अगदी मधोमध, ठळक. चार मतं बाद झाली होती, पण ती म्हाताऱ्यांची. दोन कोरी, एकावर अंगठा, एकावर दोन्हीकडं शिक्के. हे मत तसलं नव्हतं. हे कोणीतरी नीट बघून, ठरवून दिलेलं होतं. छत्री एकशे त्र्याण्णव, कपबशी एक.

संध्याकाळी निकाल लागला. आबाराव चौऱ्याहत्तर मतांनी निवडून आले. त्या एका मतानं कोणाचं काहीही बिघडलं नव्हतं. पण मला आत कुठंतरी माशी गिळल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या गावाचा प्रतिनिधी मला म्हणाला, "कामून राव, तुमच्या देवाचा भंडारा भेसळीचा निघाला का?" मी तोंड फिरवून पुन्हा आकडे मोजायला लागलो.

ट्रॅक्टरवरून गुलाल उधळत आम्ही गावात आलो. आबारावांना ओवाळलं, पेढे वाटले. त्या गर्दीतच मी कोणाच्या तरी कानाशी लागलो, 'एक मत गेलं आपलं.' बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत दळणं कमी आणि माणसं जास्त होती.

"कोनाचं आसंल?"

मी नाव घेतलं नाही. आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो की मी नाव घेतलं नाही. मी फक्त म्हणालो, "शिक्का लई नीट होता. शिकल्यासवरल्या हाताचा दिसला."

गावात सातवी शिकलेली बाई एकच होती, आणि तिचा बाप कपबशीवर उभा होता. नाव घ्यायची गरजच काय? दुपारपर्यंत सगळ्या गावाला ते पाठ झालं. त्यातच कोणाची तरी दोन मेंढरं पोट फुगून मेली. एरवी कोवळा लुसलुशीत घास खाऊन मेंढरं मरतातच, पण या वेळी ती भंडारा मोडल्यामुळं मेली.

वच्छलाबाई वाईट बाई नाहीत. इंद्रायणीच्या बाळंतपणात त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. पण देवाच्या बाबतीत त्या कोणाच्या बापाला ऐकत नाहीत. आठ दिवसांवर बिरोबाची जत्रा आलेली. त्यांनी सांगून टाकलं, की भंडारा मोडलेली बाई जत्रेला या घरात नको. हिनं लिंबगावला जायचं, पोरगी इथं राहील. पुढचं जत्रा झाल्यावर बघू. आमच्याकडं सुनेच्या बाबतीत 'बघू' म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. वरच्या आळीतल्या एका सुनेचं सहा वर्षांपासून 'बघू'च चाललं आहे.

इंद्रायणीनं सासूला एकदा सांगितलं, "म्या छत्रीलाच दिलं, आत्याबाई." नवऱ्यालाही सांगितलं. भुजंग माझ्या गिरणीतल्या पट्ट्यासारखा माणूस, जो फिरवेल तिकडं फिरणारा. त्यानं ऐकलं आणि तो आईच्या तोंडाकडं बघत बसला. मग तिनं सांगणं सोडून दिलं आणि लोखंडी पेटीत लुगडी भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उषाबाई हापशावरून आली आणि घागर आपटलीच तिनं. म्हणाली, "ती पोरगी खोटं बोलत न्हाई. मला म्हनली, 'मावशी, म्या कपबशीच्या खान्याकडं बघितलंच न्हाई. बघितलं आस्तं तर हात चालला नस्ता.' आसं खोटं कोनाला सुचतं का? तुमच्या जिभंला काय हाड?"

मी म्हणालो, "मंग मत दिलं कोनी? मुंजानं?"

"ते तुम्ही सांगा. नीट शिक्का, नीट शिक्का म्हनून गावभर तुम्हीच बोंबलून राह्यले."

खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी पटलं होतं, की ती खरं बोलतेय. पण पटलं म्हणून मी उठून वच्छलाबाईंकडं गेलो नाही. पसरवलेलं पीठ परत पोत्यात भरायचं म्हणजे आधी आपलेच हात पांढरे दाखवावे लागतात, आणि त्याची मला लाज वाटली. आज अजून जास्त वाटते.

आबाराव या तीन दिवसांत कुठं होते? घरातच होते. ओट्यावर पांढरंशुभ्र धोतर नेसून बसायचे, अभिनंदनाला येणाऱ्यांचे हार घ्यायचे, हार खुंटीला अडकवायचे. घरात काय चाललंय हे त्यांना ऐकू येत होतं. कोणी त्यांच्यापुढं विषय काढला, की ते 'आसंल कोनाचं तरी, सोडा' म्हणायचे. आम्हाला वाटलं, मोठं मन आहे.

त्याच दिवशी दुपारी इंद्रभान आला.

हसनाबाद फाट्यावर एसटी सोडून तो दीड कोस चालत आला होता. मार्चचा शेवट, ऊन असं की कुत्रीसुद्धा गाड्याखालून निघत नव्हती. मी आबारावांच्या ओट्यावरच होतो. कचरूबा होता, आणखी दहाबारा माणसं होती. हरलेला माणूस सहसा खालच्या वाटेनं जातो, पण इंद्रभान गावातल्या मधल्या रस्त्यानं ताठ मानेनं आला. काखेत पिशवी. फेट्याचा शेव घामानं भिजून मानेला चिकटलेला. आल्याआल्या त्यानं पिशवीतून हार काढून आबारावांच्या गळ्यात घातला.

"इवाई, जितले. लई बराबर झालं."

आबारावांनी त्याला शेजारी बसवलं. पाणी आलं. इंद्रभान ते प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "हारलो त्याचं मला काई वाईट वाटून न्हाई राह्यलं. खरं सांगतो. माझ्या सख्ख्या पुतन्यानं छत्रीचं काम केलं. ज्याच्या पोराचं लगीन म्या लावून दिलं त्यानं तोंड फिरवलं. दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई. अन् काल हसनाबादच्या बाजारात मला कळलं." त्यानं पिशवी मांडीवर ओढली. "सगळं गाव एकीकडं, अन् माझी पोरगी एकीकडं. म्या तिला सबुदानं मागितलं न्हवतं, इवाई. म्या या गावात पाय ठिवला न्हवता."

त्यानं पिशवीतून नारळ काढला आणि एक साडी काढली. हिरवी, जरीच्या काठाची. बाजारातून कालच घेतलेली असणार, घडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

"बोलवा तिला. एवढी वटी भरतो अन् जातो."

आणि दारातून वच्छलाबाईंचा आवाज आला.

"वटी कशाला, संगंच न्या. तिची पेटी भरूनच ठिवलीय."

इंद्रभानला काही समजेना. मग वच्छलाबाईंनीच त्याला सगळं सांगितलं. भंडारा, मेंढरं, जत्रा. नात इथं राहील हेही सांगितलं. इंद्रभानचा चेहरा ऐकता ऐकता उतरत गेला. ज्या मताच्या आनंदात तो आला होता त्याच मताची ही किंमत आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

"इहीनबाई," तो हात जोडून म्हणाला, "पोरगी हाय ती. बापाची माया आली आसंल. येवढ्यासाठी घर मोडू नका."

इंद्रायणी दाराशी आली होती. डोक्यावर पदर, कडेवर मुलगी. भुजंग ओट्याच्या कडेवरून उठला. त्या घरात त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलेली ही पहिलीच गोष्ट असावी. तो म्हणाला, "आई, ती न्हाई म्हनते ना? तिच्या बापासमोर इचार. बापासमोर कोनी खोटं बोलत न्हाई."

वच्छलाबाईंनी सुनेकडं पाहिलं. मी म्हटलं ना, त्या वाईट नाहीत. त्यांनाही यातून सुटायला दार हवंच होतं.

"बरं, सांग मंग. तुझ्या बापाच्या म्होरं, भंडाऱ्याची आन घेऊन सांग. म्या दिलं न्हाई म्हन, पेटी आताच्या आता आत ठिवते."

इतकं सोपं होतं. खरं तेच बोलायचं होतं. कचरूबानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून पुढं धरलीसुद्धा. मी सुटकेचा श्वास टाकला, म्हटलं, चला, माझ्याही जिभेवरचं ओझं उतरलं.

इंद्रायणीनं बापाकडं पाहिलं. तो मांडीवर ती हिरवी साडी घेऊन बसला होता आणि तिच्याकडं बघत होता. दहा गावं फिरून हरलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आन कशाला," ती म्हणाली. "म्याच दिलं, दादा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सकाळी उषाबाईनं सांगितलेलं माझ्या कानात ताजं होतं. ही खोटं बोलतेय, हे त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी मला एकट्यालाच माहीत होतं, असा माझा समज होता. गावभर चालणारी जीभ ऐन वेळेला टाळ्याला चिकटली. वच्छलाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी नातीला सुनेच्या कडेवरून आपल्याकडं घेतलं. पोर रडायला लागली.

"थांब," आबाराव म्हणाले.

ते उभे राहिले होते. गळ्यात व्याह्यानं घातलेला हार तसाच.

"ते मत माझं हाय."

कचरूबानं कानाला हात लावून पुन्हा विचारलं, "कोनाचं?"

"माझं. आबारावचं. कपबशीवर म्या मारला शिक्का."

मग ते सांगत गेले, उभ्या उभ्याच, जमिनीकडं बघत. "माझा बाप म्हनायचा, पंगतीत आपल्या पानात आपन वाढून घ्यायचं न्हाई. आपल्या हातानं आपल्याच कपाळाला गुलाल लावायचा न्हाई. सरपंचकीला सगळे बिनविरोध होते, शिक्का मारायची येळच आली न्हाई. औंदा पहिल्यांदा माझं चित्र आसलेला कागद हातात आला. दोनच चित्रं. एक माझं, एक इवायाचं. माझ्यावर मारायला माझा हात धजंना. कोरा टाकावं तर मत वाया. मंग इवायाला दिलं. म्हनलं, एका मतानं काय होतंय."

दहा वर्षं दाखल्यांवर सरपंचाचा शिक्का मारलेला हात तो, वाकडा पडेलच कसा? आणि मी सातवी शिकलेली बाई शोधत बसलो होतो.

"पन भंडारा, आबाराव?" कचरूबानं विचारलं.

"म्या उचललाच न्हवता. इचार तुझ्या देवाला."

कचरूबानं विचार केला. रिवाजात खोट नव्हती. त्यानं मुकाट पिशवी पुन्हा कमरेला बांधली.

"मंग तीन दिस तोंडात काय धरलं होतं?" वच्छलाबाई ओरडल्या. नवऱ्यावर चारचौघांत ओरडताना त्यांना गावानं पहिल्यांदा पाहिलं. "ही पोर मुकाट्यानं पेटी भरून राह्यली, अन् तुम्ही हार घेऊन राह्यले?"

"लाज वाटली," आबाराव म्हणाले. "गाव माझ्यासाठी भंडारा उचलतं, अन् गावातलं फुटलेलं मत माझंच. कोनत्या तोंडानं सांगू? वाटलं, जत्रेपोतर इसरतील लोक."

ते खाली बसले आणि त्यांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. वच्छलाबाईंनी नातीला परत आईच्या कडेवर दिलं. देताना त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं नाही, पण तिचा ढळलेला पदर तेवढा नीट केला.

सगळ्यांच्या माना हलल्या, सुस्कारे सुटले. गाव वाचलं, देव वाचला, घर वाचलं. कोणीतरी हसलंसुद्धा. त्या गडबडीत इंद्रभानकडं कोणाचं लक्ष नव्हतं. तो तसाच बसून होता. साडीच्या घडीवरची दुकानाची चिठ्ठी अंगठ्यानं चोळत होता. चोळून चोळून तिचा कोपरा फाटला.

"म्हंजे तुझं मत..." तो मुलीला म्हणाला.

"छत्रीला, दादा. भंडारा उचलल्ता म्या."

"बराबर केलंस." त्यानं साडीची घडी सारखी केली. "गावासंगं राह्यलीस. बराबरच केलंस. मंग आत्ता खोटं कामून बोललीस गं? घर गेलं आस्तं तुझं. पोर गेली आस्ती."

इंद्रायणीनं कडेवरची मुलगी सावरली. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"तुम्ही एवढ्या उन्हात चालत आल्ता, दादा."

इंद्रभान उठला. ओटीत घालायचा नारळ खाली घरंगळला, तो कोणी उचलला नाही. त्यानं साडी पुढं केली, तिनं एका हातानं ती धरली, आणि साडीखालचा तिचा हात त्यानं आम्हा सगळ्यांच्या देखत बराच वेळ सोडला नाही.